तान्ह्याची उलटी: पांढरी की हिरवी?

तान्हं बाळ उलट्या करू लागलं की घरातले मोजतात किती वेळा झाली. बालशल्यचिकित्सक आधी रंग विचारतात. पित्त लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, जठरातून बाहेर पडण्याच्या दारापासून काही सेंटीमीटर पुढे उतरतं. अडथळा त्याच्या अलीकडे असेल तर बाहेर येतं ते दूध, ताजं किंवा फाटलेलं. पलीकडे असेल तर उलटी हिरवी, शेवाळी. ऑपरेशन मध्यरात्रीच करायचं की एक-दोन दिवस थांबून, हे बरंचसं इथेच ठरतं.

आधी पांढरी. जन्मानंतर दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत, मग प्रत्येक पाजण्यानंतर उलटी, आणि तीही फवाऱ्यासारखी लांब उडणारी. उलटी झाल्या झाल्या बाळ पुन्हा भुकेने रडतं. जठराच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाट चिंचोळी झालेली असते. साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या वयात हा आजार दिसतो, मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे चौपट. सोनोग्राफीत स्नायूची जाडी 3 मिलिमीटरच्या वर आणि वाटेची लांबी 15 मिलिमीटरच्या वर भरली की निदान जवळजवळ पक्कं.

इथे घाई करणं हीच चूक. बाळाने नुसतं पाणी गमावलेलं नसतं; जठरातलं आम्ल, म्हणजे क्लोराइड, गेलेलं असतं, पाठोपाठ पोटॅशियमही, आणि रक्त अल्कधर्मी झालेलं असतं. अशा बाळाला भूल दिली तर धोका श्वासाचा. अल्कधर्मी रक्ताची भरपाई म्हणून शरीर आधीच श्वास मंद करतं. भुलीनंतर तो थांबूही शकतो. म्हणून आधी सलाइन. पाणी फार कमी झालं असेल तर 0.9 टक्के सलाइन वजनाच्या दर किलोला 20 मिली, गरज पडल्यास पुन्हा. नंतर साखर आणि मीठ दोन्ही असलेलं द्रावण. त्यात पोटॅशियम घालायचं ते लघवी सुरू झाल्यावरच, कारण मूत्रपिंड चालत नसताना दिलेलं पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडवतं. रक्तात क्लोराइड 100 च्या वर, बायकार्बोनेट म्हणजे रक्तातला अल्क 30 च्या खाली, पोटॅशियम 3.5 च्या वर (तिन्ही लिटरमागे मिलिमोलमध्ये) आणि लघवी तासाला दर किलोमागे किमान 1 मिली, असे आकडे आले की मगच ऑपरेशन. रुग्णालयागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, तत्त्व बदलत नाही. ‘सोनोग्राफी झाली, निदान कळलं, तरी अजून थांबलेत का?’ असं नातेवाईक विचारतात. खरं तर त्या थांबण्यातच उपचाराचा मोठा भाग उरकत असतो.

ऑपरेशन स्वतः लहानसं. जर्मन शल्यचिकित्सक कोनराड रामस्टेट यांनी 1912 साली मांडलेली पद्धत आजही तीच आहे, फक्त आता ती बऱ्याचदा दुर्बिणीतून होते. जाड स्नायू लांबीच्या दिशेने चिरायचा, चिमट्याने फाकवायचा आणि आतलं नाजूक अस्तर न फाडता वर फुगून येऊ द्यायचं. टाके घालायचे नाहीत. स्नायूचे दोन काठ एकमेकांपासून सुटे हलले म्हणजे चीर पुरेशी झाली. चुका दोन टोकांना दोन प्रकारच्या होतात. आतड्याच्या बाजूला अस्तर अगदी वर आलेलं असतं, तिथे भोक पडतं. जठराच्या बाजूला हात आखडता घेतला तर चीर अपुरी राहते. म्हणून शेवटी नाकातल्या नळीने जठरात हवा भरून बुडबुडे येतात का ते पाहतात. भोक तिथेच दिसलं तर शिवता येतं. नजरेतून सुटलं तर पुढच्या दिवसांत ताप, फुगलेलं पोट आणि वाढलेली नाडी अशा रूपात समोर येतं, आणि ते प्रकरण फार जड जातं.

काही तासांतच दूध सुरू होतं. पहिले एक-दोन दिवस थोड्या उलट्या होतातच. जठर सुजलेलं असतं, ऑपरेशन फसलेलं नसतं. आठवडा उलटूनही जोर तोच राहिला तर मात्र चीर अपुरी राहिल्याची शंका घ्यावी.

आता हिरवी. इथे एक तासही मोठा. गर्भात आतडं पोटाबाहेर नाळेच्या मुळाशी जाऊन परत येतं आणि येताना घड्याळाच्या उलट दिशेने 270 अंश वळतं. वळण अर्धवट राहिलं की एरवी पोटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत रुंद पसरणारं आतड्याचं मूळ अरुंद देठासारखं होतं. त्या देठाभोवती सगळं मधलं आतडं पीळ घेऊ शकतं. आधी शिरा दबतात, मग धमनी, आणि काही तासांत आतडं काळं पडू लागतं. बहुतेकदा हे पहिल्या वर्षात घडतं, त्यातही पहिल्या महिन्यात जास्त.

फसवणूक अशी की सुरुवातीला पोट मऊ असतं, एक्स-रे साधा दिसू शकतो, बाळही बरं वाटतं. पोट फुगून शौचात रक्त येईपर्यंत वाट पाहिली तर बराच उशीर झालेला असतो. तोंडाने क्ष-किरणांत उठून दिसणारं औषध पाजून केलेली क्ष-किरण तपासणी किंवा रक्तवाहिन्यांचा भोवरा दाखवणारी सोनोग्राफी निदान देते. बाळ खालावलेलं असेल तर तपासणीसाठीही थांबू नये. नाकातून नळी, सलाइन, रक्ताची सोय आणि थेट ऑपरेशनचं टेबल. पिवळट उलटीबद्दल मतभेद होतात, कारण चिकाचं दूधही पिवळं असतं. शंका असेल तर डाग पडलेला कपडा तसाच सोबत न्यावा. ‘हिरवी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

हे ऑपरेशन बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी ते 1936 साली मांडलं. सगळं आतडं बाहेर काढून पीळ घड्याळाच्या उलट दिशेने सोडवायचा, कधी दोन-तीन पूर्ण फेरे. मग गरम ओलं कापड गुंडाळून रंग परततो का ते पाहत थांबायचं. शंकास्पद आतडं घाईने कापू नये; पोट बंद करून 24 ते 48 तासांनी पुन्हा उघडून पाहणं बरं, कारण वाचलेला प्रत्येक सेंटीमीटर पुढे अन्न पचवणार असतो. नंतर लहान आतड्याच्या सुरुवातीवरून आडवे ताणलेले तंतूंचे पट्टे कापायचे, अरुंद देठ पसरवून रुंद करायचा, लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवायचं. आतडं ‘नेहमीच्या जागी’ बसवलं असा पालकांचा समज होतो, तो बरोबर नाही. नेहमीच्या जागी बसवलं तर देठ पुन्हा अरुंद होईल.

मोठ्या आतड्याचा आरंभ डावीकडे गेल्याने अपेंडिक्सही तिकडे जातं, म्हणून बहुतेक सर्जन ते त्याच वेळी काढतात. नाहीतर वीस वर्षांनी डाव्या बाजूच्या दुखण्यात अपेंडिक्स कोणाच्या डोक्यात येणार? डिस्चार्जच्या कागदावर अपेंडिक्स काढलं की ठेवलं आणि आतडं कुठल्या बाजूला आहे, हे दोन्ही लिहून घ्यावं. पुढे कधीही पुन्हा हिरवी उलटी झाली, तर चिकटलेल्या आतड्याच्या शक्यतेसाठी तो कागद घेऊन लगेच दवाखाना गाठावा, मूल कितीही मोठं झालेलं असो.