लिमलेटची गोळी

नाव लिंबाची आठवण करून देणारे, रंग आणि आकार संत्र्याच्या फोडीचा आणि चव मात्र या दोन्ही फळांशी फारशी ओळख न ठेवणारी, अशी लिमलेटची गोळी ही आमच्या पिढीने चाखलेली बहुधा पहिली लबाडी असावी. लहानपणी घरी नागपूरची संत्री आली की मी एक फोड तोंडात टाकून काहीसा हिरमुसत असे, कारण खऱ्या संत्र्याला त्या गोळीची सर नव्हती.

याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. संत्र्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यातले लिमोनीन हे द्रव्य मुख्यतः सालीतल्या तेलात असते. संत्रे सोलताना डोळ्यांत जो झोंबरा तुषार उडतो, तोच वास गोळीत उतरलेला असतो. आंबटपणा येतो तो सायट्रिक आम्लाचा. थोडक्यात, गोळी करणाऱ्याने संत्र्याची साल तेवढी घेतली आणि गर आपल्या कल्पनेवर सोडला.

बाकी सारी साखरेची करामत. साखर आणि ग्लुकोजचा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळला की त्यात पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरते, आणि असा पाक निवताना त्याचे खडे न बनता तो काचेसारखा पारदर्शक व ठिसूळ होतो. हवेतला ओलावा मात्र ही काच अधाशासारखी शोषून घेते. त्यामुळे १५ ऑगस्टला, भर श्रावणात, ध्वजवंदनानंतर शाळेत वाटलेल्या त्या बिनकागदाच्या दोन गोळ्या प्रभातफेरी घरी पोहोचेपर्यंत एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असत आणि पांढऱ्याशुभ्र गणवेशाच्या खिशावर एक नारिंगी डाग उमटलेला असे. २६ जानेवारीच्या गोळ्या त्या मानाने कोरड्या आणि सभ्य वाटत.

गोळी चघळावी की फोडावी, यावर वर्गात दोन तट होते. मी चघळणाऱ्यांपैकी. चघळता चघळता गोळीतला हवेचा बुडबुडा उघडा पडे, त्याची कड सुरीसारखी धारदार होई आणि जीभ हमखास सोलवटे. तरीही त्या भोकात जिभेचे टोक घालून पाहण्याचा मोह कधी आवरला नाही. एकच गोळी दोघांत वाटायची झाली, तर सदऱ्याच्या टोकात गुंडाळून ती चिमणीच्या दातांनी तोडायची, म्हणजे उष्टी होत नाही, हा नियम सर्वमान्य होता.

मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना उभा केला आणि पुढे तिथल्या गोळ्यांनी गावाचे नाव घरोघरी नेले. २०२४ मध्ये ती गोळ्यांची नाममुद्रा आणि पाककृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्याची बातमी वाचली, तेव्हा पाककृतीलाही किंमत असते याचे मला उगाचच नवल वाटले.

परवा वाण्याने दोन रुपये सुटे नाहीत म्हणून हातावर दोन गोळ्या ठेवल्या. एरवी मी या प्रकारावर हुज्जत घालतो. पण गोळ्या नारिंगी होत्या, म्हणून गप्प राहिलो. एक वाटेतच संपली. दुसरी घरी आल्यावर सदऱ्याच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडली आणि अर्धी बायकोला दिली. मोठा तुकडा मात्र मीच ठेवला.