होळीआधीची सभा आणि कोरकूचा तास

मेळघाटात वर्षाचा हिशोब होळीपासून होळीपर्यंत. दिवाळी झाली की गावं ओस पडायला लागतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी अकोल्या-अमरावतीकडे हरभरा सोंगायला. होळीला मात्र माणूस असेल तिथून घर गाठतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीची मोठी सभा आम्ही फाल्गुनातच घेतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. एवढी माणसं एकदम गावात सापडायची तर हेच दिवस.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, धारणी तालुक्यातली. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. दोन-चार गवळ्यांची घरं सोडली तर सगळं गाव कोरकू. त्या वर्षी आम्ही तिसरी-चौथीला रोज एक तास कोरकूचा सुरू केला होता आणि सभेत वाद होणार तो त्यावरच, हे मला ठाऊक होतं.

पहिली-दुसरीला कोरकूचा आधार घेणं नवं नाही. मराठी शब्द कोरकूतून समजावून सांगायचा, मूल रुळलं की कोरकू बंद करायची, अशी रीत आहे. मला ती कधीच पटली नाही. पोर मराठीत जरा उभं राहिलं की त्याची भाषा दाराबाहेर ठेवायची, यातून ते काय शिकतं? आपली भाषा कच्च्या पोरांसाठी असते, हेच. आम्हाला कोरकू वाचायची होती, लिहायची होती, तिच्यातून गावाची माहिती गोळा करायची होती. मुलं गावाबाहेरच्या झाडाखाली जाऊन मुंडे बघून आली. मुंडा म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने कोरून उभा केलेला सागाचा खांब. त्यावरचे सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार मुलांनी वहीत उतरवले आणि कोणता मुंडा कुणाच्या घरचा हे घरी विचारून देवनागरीत, पण कोरकूत, लिहून आणलं. मराठीच्या वहीत दोन ओळींवर अडणारी मुलं इथे पान भरून लिहीत होती.

मराठी त्यांना जड का जाते, हे बाहेरून येणाऱ्याला लवकर कळत नाही. कोरकू ही मुंडा नावाच्या भाषाकुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं नातं नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही, कारण गोंडी द्राविडी. कोरकूत दोघांसाठी वेगळं वचन आहे. नामांची वाटणी सजीव-निर्जीव अशी आहे. तिथलं मूल ‘तो फळा, ती खुर्ची, ते टेबल’ कशाच्या जोरावर ओळखणार? त्याच्या लेखी तिन्ही निर्जीव. त्याच्या वहीत ‘ती फळा’खाली लाल रेघ मारली तर त्याला रेघ दिसते, कारण दिसत नाही. त्यात आमच्या बाजाराची भाषा हिंदी, आणि पहिलीपासून इंग्रजी आहेच.

सभा वर्गातच भरली. हजेरी, पोषण आहार, पाण्याची टाकी हे झालं आणि तिसरीतल्या एका मुलीचे वडील उठले. नुकतेच भट्टीवरून आलेले. म्हणाले, “सर, कोरकू तो घरमेच आती है उसको. इस्कूलमे मराठी सिखाव.” मग थांबलेच नाहीत. तहसीलात कोरकू चालते का? दवाखान्यात डॉक्टर कोरकूत विचारतो का? मुकादम हिशोबाच्या वहीत लिहितो तो मराठीत. आम्ही अंगठा लावला, पोरीने लावू नये म्हणून तिला शाळेत घातली. बसलेल्यांतल्या बऱ्याच माना हलल्या.

मी कागद तयार ठेवले होते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगणारं संविधानाचं कलम ३५०-क, शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २९, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. वाचून दाखवले. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या वर आहेत, मध्य प्रदेशातल्या बैतूल-खंडव्यापासून आपल्यापर्यंत, हेही सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण मजुरीत फसवल्या गेलेल्या माणसाला कलमाचा आकडा सांगून काही होत नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच.

मग तिसरीच्या मुलांना पाट्या घेऊन बोलावलं. फळ्यावर लिहिलं: ‘मनीकडे बारा बोरं होती. तिने पाच बोरं भावाला दिली. तिच्याकडे किती उरली?’ मुलांनी मोठ्याने वाचलं, अगदी स्पष्ट. आणि बहुतेक पाट्यांवर आलं १७. दोन आकडे दिसले, बेरीज केली. ‘उरली’ हा शब्द वाचता येत होता, पोचला नव्हता. मग अंगणवाडीच्या ताईंनी हेच गणित कोरकूत सांगितलं. त्या वाक्य पूर्ण करायच्या आत चार-पाच जण सात म्हणाले. ती मुलगीही त्यांत होती. वडिलांनी तिची पाटी हातात घेतली, पुसलेल्या १७ कडे आणि शेजारच्या ७ कडे पाहिलं.

“मतलब इसको मराठी नही आती,” ते म्हणाले. “तो और मराठी सिखाव.”

उत्तर चोख होतं. अशा वेळी शिक्षक पाठ केलेली वाक्यं बोलायला लागतो. मी काही बोलणार, एवढ्यात दाराजवळ बसलेली एक म्हातारी आजी त्यांच्याशी कोरकूत बोलली. नातवाला घेऊन आली होती, तोवर एक शब्द काढला नव्हता. तिने त्यांना एवढंच सांगितलं: दहापर्यंत मोज.

ते हसले आणि मोजायला लागले. मिया, बारी, आफई, उफुन, मोनोय. मग “छे, सात, आठ…” आणि थांबले. वर्गात हशा पिकला. दुसऱ्या एकाने हौसेने सुरुवात केली, तो तुरुईपर्यंत गेला. तिसरा सात गाळून पुढे गेला. पोरं मोठ्यांकडे बघत होती. आजीने हसू ओसरू दिलं आणि पुढचे आकडे सांगितले: तुरुई, येई, इलार, आरई, गेल. मग ती जे बोलली ते ताईंनी मला मराठीत सांगितलं: “घरी येते म्हणता. भाकर मागण्यापुरती राहिलीय ती तुमच्या घरात.”

हे मी म्हणालो असतो तर तो अपमान झाला असता. ती म्हणाली म्हणून सभेतली प्रत्येक बाई तिच्या बाजूने बोलायला लागली. लेकी सासरी जाऊन आल्या की कोणती गाणी विसरून येतात, इथपर्यंत बोलणं गेलं.

मी आजीला विचारलं, दहाच्या पुढे काय? तिने चिंचोके मागितले. ते शाळेत डबाभर होतेच. जमिनीवर तिने वीस चिंचोक्यांचा ढीग केला आणि म्हणाली, इसा. दुसरा ढीग केला, बारी इसा. त्यापुढे तीन सुटे ठेवले. त्रेचाळीस झाले. कोरकूची जुनी मोजणी विसांची आहे. आपल्याकडेही जुन्या माणसांच्या तोंडी तीन विसा साठ असायचे. पण या मुलांसाठी त्या ढिगांचं मोल फार होतं. मराठीतली त्रेचाळीस, एकोणपन्नास, सत्त्याण्णव ही नावं सुटी पाठ करावी लागतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढी टीका झाली. ज्यांची मराठी घरची, त्यांना यातली अडचण जाणवणं अवघड आहे. आमच्या चौथीतल्या एका मुलाला चाळीसच्या पुढे दरवेळी चुकायचं. तो पुढे सरकला आणि आजीच्या समोर बसून ढीग मोडायला लागला. मी त्याला प्रत्येक इसाचे दोन गेल करायला सांगितले. चार गेल आणि सुटे तीन. पाटीवर त्याने ४ लिहिले, शेजारी ३. दशक म्हणजे काय हे मी त्याला काड्यांचे गठ्ठे बांधून अनेकदा शिकवलं होतं. त्या दिवशी त्याने आपणहून पाच गेल आरई मांडले, ५९ लिहिले आणि ते मराठीत कसं म्हणायचं हे मला विचारलं. एकोणसाठ. त्याने ते दोनदा म्हणून घेतलं.

त्या मुलीचे वडील सगळं उकिडवे बसून बघत होते. सभा संपताना त्यांनी अट घातली. कोरकूचा तास चालू राहू दे, पण दर शनिवारी पोरांनी गावासमोर मराठी वाचायचं, आणि वाचलेलं काय ते सांगायचंही. नुसतं वाचलेलं चालणार नाही. माझ्याकडे कुणी मागितलेली सर्वांत चांगली परीक्षा ही. ठराव मराठीत मी लिहिला, खाली ताईंनी कोरकूत लिहिला. तो त्यांनी वाचून दाखवला तेव्हा लोकांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मराठी ठरावाला आजवर कुणी दुरुस्ती सुचवली नव्हती.

आजी आता आठवड्यातून दोनदा येते. तिला मानधन द्यायला आमच्याकडे तरतूद नाही. गाव आपापल्या परीने धान्य देतं आणि हे मला बरोबर वाटत नाही. गावाची भाषा शिकवणारं माणूस सरकारी शाळेत फुकट राबू नये. शनिवारचं वाचन भट्टीचे दिवस सोडून चालू आहे. वडील गावात असले की पुढच्या रांगेत असतात आणि मुलीला अर्थ विचारतात, मराठीतून.

त्याच सभेत त्यांनी आणखी एक विचारलं होतं: चौथीनंतर पोरं बाहेरगावी जातात, तिथे कोरकू कोण शिकवणार? त्यावरही ठराव झाला, पाचवीचा वर्ग आमच्याच शाळेला जोडावा आणि कोरकू येणारा शिक्षक द्यावा असा. प्रस्ताव पंचायत समितीकडे गेला आहे.