तंबाखू सुटताना

गुरुवार, रात्री साडेदहा

तंबाखू सोडल्यापासून माझ्यात नेमके काय बदलले, हे आज सविस्तर लिहून ठेवायचे आहे, कारण कोणी विचारले की मी ‘आता बरे आहे’ एवढेच सांगतो आणि ते खरे असले तरी फार अपुरे आहे. लोकांना सोडण्याआधीचा माणूस आणि सोडल्यानंतरचा माणूस यांच्यातच रस असतो. या दोघांच्या मधल्या काळात माणूस एका बाजूने सुधारतो आणि दुसऱ्या बाजूने बिघडतही असतो, हे सहसा कोणी विचारत नाही. मी अजून त्या मधल्या काळातच आहे.

आधी शरीराचे. खालच्या ओठाच्या आत, जिथे मी इतकी वर्षे तंबाखू धरत आलो, नेमक्या त्याच जागी आलेला पांढरा चट्टा दंतवैद्यांनी मला आरशात दाखवला. वेळीच सोडल्यास असे चट्टे पुष्कळदा ओसरतात, पण तपासणी चुकवू नका, असे ते म्हणाले. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना मदत करणारा, २०१८ पासून पुड्यांवर छापलेला १८००-११-२३५६ हा फोन क्रमांक मी त्यानंतर प्रथमच लावला. सोडण्याची तारीख ठरवा, घरात सांगून ठेवा आणि तल्लफ आली की काही मिनिटे पाणी पिऊन, चार पावले चालून काढा, कारण ती तेवढ्या वेळात उतरते, हा सल्ला मिळाला आणि तो उपयोगी पडला. पहिले दोन-तीन दिवस फार जड गेले. डोके दुखे, झोप लागत नसे, आणि सकाळचा बार भरल्याशिवाय पोट साफ व्हायची सवयच उरली नव्हती. पुढे भूक वाढली, वजनही वाढले. हे सगळे अपेक्षितच असते, असे नंतर कळले. आधी कळले असते तर धीर टिकवणे सोपे गेले असते.

मधे एकदा तंबाखू पुन्हा तोंडात गेली. मावसभावाच्या अंत्यविधीला स्मशानाबाहेर आम्ही सगळे पुरुष उभे होतो, कोणालाच काय बोलावे ते सुचत नव्हते, आणि मळलेली तंबाखू एका हातातून दुसऱ्या हातात फिरत माझ्यापर्यंत आली. मी चिमूट घेतली. सवय मोडलेली असल्यामुळे क्षणात डोके गरगरले आणि मी कठड्यावर बसलो. त्या रात्री विचार करताना मला जाणवले की त्या वेळी तल्लफ अशी आलीच नव्हती. दुःखात चार माणसांत उभे राहण्याची दुसरी कोणतीच रीत मला येत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा घेतली नाही.

‘एकवीस दिवसांत सवय बदला’ असे संदेश मोबाईलवर रोज येतात. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात जेवणाबरोबर फळ खाण्यासारखी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि व्यक्तीगणिक ही मुदत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होती. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. अर्थात तो अभ्यास सवय लावण्याचा होता. जुनी सवय मोडणे हे माझ्या मते वेगळे आणि अधिक कठीण काम आहे. त्याविषयी मला प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे जास्त जवळचे वाटते. धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी १९८३ साली बदलाचे टप्पे मांडले, आणि पुढे बहुतेक माणसे हे टप्पे सरळ रेषेत पार करत नाहीत, ती मागे येतात आणि पुन्हा निघतात, असे सांगितले.

घरातली गोष्ट मात्र कोणत्याही अभ्यासात वाचायला मिळाली नसती. गेल्या आठवड्यात बायको म्हणाली, “तंबाखू सोडलीत, फार चांगलं झालं. पण हल्ली जेवताना तुम्ही एक शब्द बोलत नाही, आणि पोरगा काही विचारायला तुमच्याजवळ येत नाही.” मी बराच वेळ गप्प राहिलो, कारण ती बरोबर होती. पूर्वी जेवण झाले की मी परसात जाऊन तंबाखू मळायचो, पाच-दहा मिनिटे एकटा बसायचो आणि मग माणसांत यायचो. निकोटिनने मिळणारी शांतता ही बरीचशी त्याच्याच अभावामुळे आलेली बेचैनी शमल्याची असते, हे मला आता ठाऊक आहे. पण परसातला तो एकांत खरा होता आणि मी तंबाखूबरोबर तोही टाकून दिला होता. तेव्हापासून मी जेवणानंतर पुन्हा परसात जाऊन बसतो, रिकाम्या हातांनी. मुलगा काल तिथे वही घेऊन आला.

सर्वांत मोठी उणीव मात्र बांधावर जाणवते. मी कृषी सहायक आहे आणि शिरोळ तालुक्यात माझे निम्मे काम शेतकऱ्याला बोलते करण्याचे असते. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, डबीतला चुना नखाने लावायचा, अंगठ्याने मळायची, दुसऱ्या हाताने थापटून भुकटी उडवायची आणि तळहात समोरच्यापुढे धरायचा. चुन्यामुळे निकोटिन तोंडात लवकर शोषले जाते, म्हणून तो घालतात. पण मळायला जी दोन-तीन मिनिटे लागतात, त्यांत माणूस मोकळा होतो. जमीन क्षारपड झाली आहे, सोसायटीचे कर्ज थकले आहे, मुलाचे लग्न जुळत नाही, हे सगळे मला त्या मिनिटांतच कळत आले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि पुरुषांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. जी गोष्ट इतक्या माणसांना एकमेकांशी बोलायला निमित्त देते, ती केवळ आरोग्याची भीती घालून सुटेल असे मला वाटत नाही.

मी आता खिशात फुटाणे ठेवतो. तळहातावर घेऊन पुढे केले की माणसे घेतात, पण पटकन तोंडात टाकतात आणि कामाला लागतात. बोलणे पूर्वीइतके होत नाही. आज मात्र एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मूठभर फुटाणे घेतले, आपली डबी खिशातच राहू दिली आणि चर खणून निचरा करायला किती खर्च येईल, अनुदान कुठून मिळेल, हे विचारत माझ्याबरोबर बांधाच्या टोकापर्यंत चालत आला. त्याच्या जमिनीच्या सातबाराची नक्कल मला उद्या तलाठ्यांकडून घ्यायची आहे.