लॅपटॉप रॅम अपग्रेड, पुढचा अपडेट: दुसरा स्लॉट भरला

मंडळी, लॅपटॉपमध्ये रॅमची दुसरी स्टिक (पट्टी) बसली, रात्रभर मेमटेस्ट८६+ (रॅममधले दोष शोधणारी चाचणी) चालवली, एकही एरर नाही. आता सविस्तर लिहितो.

आधी ८ जीबीची एकच डीडीआर४ (रॅमची एक पिढी) स्टिक होती, दुसरा स्लॉट रिकामा आणि ग्राफिक्स इंटिग्रेटेड, म्हणजे मुख्य प्रोसेसरमधलंच, त्यामुळे त्या ८ मधला वाटा ग्राफिक्सपण घेणार, मग ब्राउझर आणि फोटो एडिटर एकत्र उघडले की स्वॅपिंग (रॅम पुरत नाही म्हणून डेटा डिस्कवर टाकणं-आणणं) सुरू. बरेच जण म्हणाले जुनी काढ आणि १६ ची एकच टाक, पण मी ८+८ वरच ठाम होतो कारण मला नुसते जीबी नको होते, दुसरा चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधला डेटाचा मार्ग) हवा होता. डीडीआर४-३२०० (३२०० हा स्पीड) चा एक चॅनल सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देतो, दोन्ही चालले तर ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची मेमरी त्याच्यावरच असते म्हणून तिथे हा फरक कमी जाणवतो, पण इंटिग्रेटेडवाल्यांनी दुसरा स्लॉट रिकामा ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला स्टिकर वाचण्यात, आणि तो घालवावाच. ८ जीबी, ३२००, १.२ व्होल्ट एवढं सगळेच बघतात, पण त्याच ओळीत १आरएक्स८ किंवा १आरएक्स१६ असं लिहिलेलं असतं ते बघा (१आर म्हणजे चिपचा एकच गट, एक्स८ किंवा एक्स१६ म्हणजे एक चिप एका वेळी किती बिट देते). १आरएक्स८ मध्ये आठ चिप असतात, १आरएक्स१६ मध्ये चारच, आणि डीडीआर४ च्या एक्स१६ चिपमध्ये बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट, ज्यांच्यात आलटून पालटून काम होतं) चार नसून दोनच असतात, त्यामुळे स्पीड कागदावर सारखा असूनही ती स्टिक काही कामांत मागे पडते. माझी जुनी १आरएक्स८ होती म्हणून नवीपण तीच शोधून घेतली. आणि हो, एक २४०० आणि एक ३२०० लावली तर साधारणपणे दोन्ही २४०० नेच चालतात, हे घेतानाच लक्षात असू द्या.

बसवणं सोपंच. शटडाउन, चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, मग पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं. खाच जुळवून स्टिक तिरकी पूर्ण आत सरकवायची, सोनेरी कडा जेमतेम दिसली पाहिजे, मग खाली दाबली की दोन्ही बाजूच्या क्लिप टक्कन लागतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहते, तेव्हा घाबरून बटण दाबू नका, नवीन रॅमचं टायमिंग जुळवणं चालू असतं त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, होऊ द्या. नंतर टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही स्लॉट भरलेले आणि स्पीड ३२०० दिसला, भारी वाटलं! स्वॅपिंग जवळपास बंदच, आणि जो गेम कमी सेटिंगवरही अडखळायचा तो त्याच सेटिंगवर आता छान सलग चालतोय.

आता व्हर्च्युअल मशीनला (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) ४ जीबी देऊन बघणार आहे. कोणाकडे ८ जीबी बोर्डवरच सोल्डर केलेली आणि स्लॉटमध्ये १६ ची स्टिक असं कॉम्बिनेशन असेल तर तुमचे बेंचमार्क टाका, तिथे साधारण ८+८ ड्युअल चॅनल आणि उरलेले ८ सिंगल चॅनल असं चालतं, तो उरलेला भाग वापरात आल्यावर ग्राफिक्सवर किती परिणाम होतो ते मला बघायचंय.