चार ते साडेसहा

वजन कमी करायला घेतलं की वजनाच्या आधी चेहरा उतरतो आणि आवाज चढतो. डाएटच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. तिथे काकडीचे काप हातात धरून हसणाऱ्या बायका असतात. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी काकडी खाताना हसणारी बाई मला प्रत्यक्षात अजून भेटायची आहे.

माझ्या बाबतीत सुरुवात एका रिपोर्टने झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको, आधी वजन उतरवा." हे सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

मग घरी, ऑफिसात, ठाणे स्टेशनच्या पुलावर, सगळीकडे एकच प्रश्न : "दीक्षित की दिवेकर?" मधल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आमदारांनी पक्ष बदलले नसतील तेवढ्या वेळा लोकांनी डाएट बदललं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं खा, आजी खायची तेच खा, तुपाला घाबरू नका. दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्या आमच्या लेडीज डब्यात समोरासमोरच्या बाकांवर बसतात आणि मुलुंड येईपर्यंत वाद घालतात. मी दोघांनाही लांबून नमस्कार केला आणि माझं आपलं साधं ठरवलं : साखर बंद, फरसाण-बिस्किटं बंद, रात्रीचा भात बंद, साडेसातला जेवण. आणि बिनसाखरेचा चहा हा चहाचा अपमान आहे असं माझं मत असल्यामुळे चहाही बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरलं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं, डोळ्यांच्या मागे ठणका. सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालंय. उपाशी राहिलीस ना!" आमच्या घरात पित्ताला पर्यायी निदान नाही. कोकम सरबत झालं, आवळा झाला, कपाळाला बाम लावून झाला. शेवटी नणंदेला फोन केला. ती डॉक्टर आहे आणि माहेरी कोणाला पित्त झालं की तिलाच फोन जातो. ती म्हणाली, "वहिनी, ही भूक नाही, हा चहा आहे. दिवसाला चार कप पिणाऱ्या बाईने एकदम थांबवला की दुसरं काय होणार?" चहातलं कॅफिन मेंदूच्या रक्तवाहिन्या जरा आकसून ठेवतं. ते मिळालं नाही की त्या सैलावतात आणि डोकं ठणकायला लागतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, एक-दोन दिवस जोर असतो, मग ओसरत जातं. "साखर सोडायची होती ना तुम्हाला? चहा कशाला सोडलात? आणि सोडायचाच असेल तर एकेक कप कमी करा." तेव्हापासून मी रोज सकाळी अर्धा कप चहाचा अपमान करते.

डोकं थांबलं तर अंधारी सुरू झाली. ओट्याखालच्या कप्प्यातून कुकर काढायला वाकले, आणि उठले तर समोरच्या टाइल्स काळ्या पडत गेल्या. कानात गुंईं. ओटा घट्ट धरून उभी राहिले तेव्हा कुठे टाइल्स परत पांढऱ्या झाल्या. गंमत म्हणजे त्याच सकाळी वजनकाट्याने पावणेदोन किलो कमी दाखवले होते आणि सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या होत्या. नणंदेने त्यातली हवाही काढून घेतली. यकृतात आणि स्नायूंत शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात तिला. सगळी मिळून अंदाजे अर्धा किलो, त्यातली यकृतात शंभरेक ग्रॅम. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी ही साखर खर्ची पडते आणि पाणी सुटतं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडंही नेहमीपेक्षा जास्त मीठ बाहेर टाकतात. पाणी गेलं, मीठ गेलं, मग उठताना रक्तदाब जरा गडबडतो. चरबी त्यात फार तर पावशेर हलली असेल. थोडक्यात, टाळ्या पाण्याला पडल्या होत्या. उपाय मात्र सोपा निघाला : मीठ घातलेलं पातळ ताक आणि उठताना घाई न करणं. "पण बीपीच्या माणसांना हे परस्पर सांगत सुटू नका," असंही तिने बजावलं. वहिनीला ती ओळखून आहे.

इथपर्यंत सगळं ठीक. डोकं दुखलं की माणूस आडवा पडतो, अंधारी आली की बसतो, कोणाला त्रास नाही. खरी भानगड चार वाजता होते.

चार वाजता ऑफिसात चहावाला येतो. त्याच्या किटलीचा आवाज झाला की ड्रॉवर उघडायला लागतात. कोणाचा खाकरा, कोणाचा लक्ष्मीनारायण चिवडा, सांगलीहून आलेल्या कोणाची तरी भडंग. कागदी पिशवीत हात घातल्याचा आवाज मला तीन टेबलं पलीकडून ऐकू यायला लागला. एरवी फोन वाजलेला ऐकू येत नाही. हा सगळा खेळ भूक जागवणाऱ्या घ्रेलिन नावाच्या संप्रेरकाचा. ते जठरात तयार होतं आणि १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. रोज आपण ज्या वेळी खातो, त्या वेळेच्या जरा आधी ते रक्तात वाढतं. आपण नाहीच खाल्लं, तरी काही वेळाने आपोआप उतरतं. केबलचे पैसे मागायला येणारा मुलगा बेल वाजवतो, पुन्हा वाजवतो, आणि दार उघडलं नाही तर निघून जातो, तसंच. मुश्किल एवढीच की तो निघून जाईपर्यंत आपण काय काय बोलून बसतो!

एकदा सव्वाचारला मी एका सहकाऱ्याला मेल पाठवली. 'मी यापूर्वीच कळवल्याप्रमाणे' अशी तिची सुरुवात होती. ज्यांनी ऑफिसात नोकरी केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बिचाऱ्याने फक्त एका फाईलचा नंबर विचारला होता. माझी ऑफिसातली ख्याती शांत बाई म्हणून आहे. नवीन मुलं सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात, भांडणं मिटवायला मला बोलावतात. या शांतपणाचं श्रेय मी आजवर आईच्या संस्कारांना देत आले. आता दिसतंय की त्याला चार वाजताच्या चहाचा आणि त्यात बुडवलेल्या दोन ग्लुकोज बिस्किटांचा टेकू होता. टेकू काढला, आणि आतून दुसरीच बाई बाहेर आली.

ही दुसरी बाई संध्याकाळी घरी पोचते आणि तिला सगळ्यांचा स्वयंपाक करायचा असतो. डाएटची पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिलेली असतात, त्यांना बहुतेक ताट आयतं मिळत असावं. तेलात लसूण पडतो, कडा तांबूस होतात, वर जिरं तडतडतं, आणि तो वास नाकातून थेट गुडघ्यात उतरतो. गुडघ्यातली ताकदच जाते. मग पोळ्या. तव्यावरची पोळी टम्म फुगते, कुठेतरी एक बारीक भोक पडून फुस्स वाफ सोडते, खाली उतरवली की तिच्यावर तुपाचा हात फिरवायचा आणि दुसऱ्याच्या ताटात वाढायची. भाजीची चव बघायची म्हणून मी चमचा तोंडात घालते. मिठाचा अंदाज यायला एक चमचा पुरतो. या दिवसांत मला तीन लागायचे. एवढं करून मी काही बोलत नव्हते, असा माझा समज होता. सासूबाईंनी एका संध्याकाळी जपमाळ बाजूला ठेवून सांगितलं, "अगं, तू बोलत नाहीस, पण भांडी बोलतात."

रडूही येतं. होळीला शेजारच्या काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. त्यातली अर्धी मी खायची, कोमट दुधाबरोबर, बसून, सावकाश, असं सकाळीच ठरवलं होतं. त्या अर्ध्या पोळीच्या हिशेबाने दुपारी डब्यातली एक पोळी ठेवून दिली होती. घरी आले तर ताटात पुरणाचे दोन कण आणि तुपाचा ओघळ. चिरंजीव म्हणाले, "तू डाएटवर आहेस ना? म्हटलं तुला त्रास नको." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले. एवढी मी कित्येक वर्षांत रडले नव्हते. पोळीसाठी नाही, असं मनाशी म्हणत होते. खरं तर पोळीसाठीच. बाहेरून घाबरलेला आवाज आला, "आई, बाजारात मिळतात, घेऊन येऊ?" त्याचं वय अठरा. आई पुरणपोळीसाठी रडू शकते, हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

रात्री अकराला अंथरुणात पडून मी पाककृतींचे व्हिडिओ बघायला लागले. एरवी मी ते कधी बघत नाही. पण भुकेल्या पोटी अनोळखी बाई मटणाला वाटण लावताना बघण्यात काय सुख आहे ते काय सांगू! याच रात्रींपैकी एका रात्री मिनेसोटाची गोष्ट वाचली. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. महायुद्धात उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा कसं उभं करायचं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. हे तरुण स्वतःहून आलेले. सगळे सैन्यात जायला नकार दिलेले, कोणावर शस्त्र उचलणार नाही म्हणणारे. सहा महिने त्यांना दिवसाला दोन जेवणं दिली, सरासरी १,५७० कॅलरी : बटाटे, कोबी, सलगम, मॅकरोनी, पाव. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणं. वजन सुमारे पाव हिस्सा उतरलं. ते उतरणारच. पण त्यांना भर उन्हाळ्यात पांघरुणं लागायला लागली. ते ताटं चाटायला लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले. आणि शेजारचा कसा खातो, किती हळू खातो, यावरून एकमेकांवर खेकसायला लागले. युद्ध नाकारलेली माणसं कोबीच्या ताटावर चिडत होती.

हे वाचून मला किती बरं वाटलं! ते धट्टेकट्टे तरुण, रोज मैलोन्मैल चालणारे; मी खुर्चीवर बसून काम करणारी, पाच फूट एक इंच. त्यांचे सहा महिने आणि माझा एक पंधरवडा, बरोबरी होत नाही हे मान्य. पण अहिंसावाद्यांचं जर हे झालं, तर माझी ती मेल फारच सौम्य होती.

बाकी बारीकसारीक तक्रारी सांगण्यासारख्या नाहीत. मार्चच्या उकाड्यात मी पंखा एकवर आणते आणि नवरा पाचवर नेतो. मोड आलेली कडधान्यं आणि कोशिंबिरी एकदम वाढवल्या की पोट जे काही बोलतं, ते लिफ्टमध्ये बोलू नये एवढीच प्रार्थना. फायबर हळूहळू वाढवायचं असतं आणि त्याबरोबर पाणीही, हे त्या लिफ्टमध्ये समजतं.

घराने मात्र पटकन जुळवून घेतलं. चार ते साडेसहा या वेळात मला फोन करायचा नाही. पैशांचा, सहलीचा, दुचाकीचा विषय रात्री जेवणानंतर. नवरा संध्याकाळी आधी दारातून माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग चपला काढतो. मुठभर भाजलेले चणे आता साडेतीनलाच खायचे, असं मीही ठरवलं आहे. त्याने बेल वाजते, पण जरा हळू. सासूबाईंनाही उत्साह आला होता, त्या म्हणाल्या मीही दोनदाच जेवते. पण त्यांची साखरेची गोळी चालू आहे. तशा काही गोळ्या घेऊन जेवण चुकवलं तर साखर नको तेवढी खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात. त्यांच्या डॉक्टरांनी, आधी डोस बघू, मग जेवणाचं, असं सांगून तो बेत थांबवला.

तशा त्या उपासाला माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेल्या. आयुष्यभर संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. तरुणपणी तर साबुदाण्याचीही सवलत घेत नसत. एका संध्याकाळी मी त्यांना विचारलंच, "आई, तुम्ही दिवसदिवस उपाशी राहायचात. तुम्हाला कधी चिडचिड नाही झाली?"

"उपासाला चिडायचं नसतं," त्या म्हणाल्या. "चिडलं की पुण्य जातं."

माझ्या डाएटमध्ये नेमकी हीच सोय नाही. चिडलं काय, न चिडलं काय, कॅलरी तेवढ्याच. मी हे बोलून दाखवलं तर त्या बराच वेळ हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? संकष्टीला तुझे सासरे चंद्रोदय होईपर्यंत घरी येत नसत."