चौथ्या दिवशी मंदावणारे ऑप्टेन आणि मेमरी मोडला रामराम

ऑप्टेन (इंटेलची, रॅमच्या खाचेत बसणारी, मोठी पण संथ स्मृती) मेमरी मोडमध्ये वापरून काम फत्ते झाले, असा विजय मागच्या नोंदीत मी घाईने जाहीर केला होता, तो मागे घेतो. यंत्र नुकतेच सुरू केलेले असताना आशियाच्या रस्त्यांच्या आलेखावरील मार्गशोधन 14 मिनिटांत संपते, पण चार दिवसांनी त्याच कामाला 23 मिनिटे लागतात.

पहिला संशय पुण्यातल्या मे महिन्यावर गेला, म्हणून तापकीर गल्लीतून आणखी एक पंखा आणला. तापमान उतरले, वेळ तेवढाच राहिला. मग जुना सर्व्हर-माल विकणाऱ्या गृहस्थांवर संशय घेतला, पण दोन्ही 128 जीबी मॉड्यूल ठणठणीत निघाल्याने मनातल्या मनात त्यांची माफी मागावी लागली.

खरा धागा मॉड्यूलच्या मीडिया-रीडच्या (प्रत्यक्ष ऑप्टेनमधून झालेल्या वाचनांच्या) आकड्यांत सापडला, कारण चौथ्या दिवशी ते कितीतरी पटींनी वाढलेले होते. मेमरी मोडमध्ये आपली 32 जीबी डीरॅम (नेहमीची वेगवान रॅम) ही 256 जीबी ऑप्टेनपुढची डायरेक्ट-मॅप्ड कॅशे (हाताशी ठेवलेला वेगवान साठा) असते, म्हणजे प्रत्येक पत्त्याला डीरॅममध्ये एकच ठरलेली जागा असते आणि ढोबळमानाने 32 जीबी अंतरावरचे पत्ते एकमेकांना तिथून हुसकावत राहतात. सुरुवातीला माझा 18 जीबीचा सतत वापरातला डेटा सलग बसतो. पुढे मोकळी पेजेस (स्मृतीचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे) विखुरली की ही मारामारी सुरू होते.

लिनक्स कर्नल 5.2 पासून असलेला, मोकळी पेजेस मुद्दाम पिसणारा पेज-शफलचा पर्याय लावून पाहिला. आता पहिल्या दिवसापासूनच 19 मिनिटे लागू लागली! कागदावर हिशेब मांडल्यावर हसू आले: 18 जीबी डेटा 32 जीबीत यदृच्छेने टाकला, तर सुमारे 43 टक्के पेजेसना जागेसाठी भागीदार मिळणारच. शफलमुळे वेळेत सातत्य येते, वेग येत नाही.

तेव्हा मेमरी मोड सोडला, मॉड्यूल ॲप डायरेक्टमध्ये (ऑप्टेन डीरॅममागे न लपता वेगळी दिसते त्या पद्धतीत) नेली आणि ऑप्टेनला स्वतंत्र नुमा नोड (स्मृतीचा वेगळा गट) म्हणून जोडले. आता कोणतेही पेज डीरॅममध्ये कुठेही बसू शकते, शिवाय एकूण स्मृती 288 जीबी दिसते. डिमोशन (कमी वापरातली पेजेस ऑप्टेनकडे ढकलणे) सुरू करून नुमा बॅलन्सिंग 2 वर ठेवले (म्हणजे जास्त वापरातली पेजेस परत डीरॅममध्ये येतात, हेच प्रमोशन), तर पेजेस दोन्ही नोडमध्ये नुसती येरझारा घालू लागली आणि वेळ 21 मिनिटांवर गेला. कर्नल 6.1 मध्ये आलेली प्रमोशनची वेगमर्यादा मूळच्या 65536 वरून 200 एमबी प्रति सेकंदावर आणताच चौथ्या दिवशीही साडेचौदा मिनिटे! त्या रात्री मी तो आकडा तीनदा पडताळून पाहिला.

पुढे ही मर्यादा बारकाईने जुळवायची असे ठरले होते, पण हे लिहितानाच लक्षात आले की आलेखाच्या कडा (म्हणजे रस्ते) फक्त वाचल्या जातात, तर अंतरांची सारणी सतत लिहिली जाते. ऑप्टेन आतून 256 बाइटच्या तुकड्यांत चालते, त्यामुळे 64 बाइटचे विखुरलेले लेखन तिथे फार महाग पडते. म्हणून कर्नलच्या अंदाजावर न विसंबता, अंतरांची सारणी एमबाइंडने (स्मृती कोणत्या नोडवर ठेवायची ते ठरवणाऱ्या सिस्टम कॉलने) डीरॅममध्येच बांधून या रविवारी पुन्हा मोजणार आहे.