तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोत दिसतात तेवढे काजवे खरंच असतात का?

भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडचे काजव्यांचे फोटो मे संपता संपता फिरू लागतात आणि हा प्रश्न येतो. झाड ठिपक्यांनी मढलेलं दिसतं. तिथे उभं राहिलं तर डोळ्यांना तसं दिसेल का? नाही. त्या फोटोत बहुधा लागोपाठ घेतलेले अनेक फोटो (फ्रेम) एकावर एक चढवून वीस मिनिटं ते अर्धा तास साठवलेला असतो. ठिपका न् ठिपका खरा, पण सगळे एकाच वेळी पेटलेले नसतात.

यामागचं गणित समजलं की निम्मं काम झालं. काजवा क्षणभर चमकतो. ती चमक फोटोत किती उजळ येईल, हे कॅमेऱ्यात अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) आणि आयएसओ (सेन्सरवर आलेला प्रकाश फोटोत किती उजळ करायचा ती सेटिंग) यांवर ठरतं, शटरच्या वेळेवर नाही. शटर १० सेकंद उघडं ठेवलं काय किंवा ३० सेकंद, एका चमकेचा ठिपका तेवढाच उजळ येतो. शटरची वेळ वाढवली की ठिपक्यांची संख्या वाढते आणि मागचं झाड, आकाश उजळत जातं. म्हणून ठिपके फिके आले तर वेळ वाढवू नका. अॅपर्चर उघडा किंवा आयएसओ चढवा. एफ २ आणि आयएसओ १६०० ही चांगली सुरुवात. लेन्स एफ २.८ पर्यंतच उघडत असेल तर आयएसओ ३२००.

उजेड असतानाच जागेवर पोचा. जूनच्या सुरुवातीला तिकडे सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होतो. तेव्हाच झाडाच्या खोडावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका आणि फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी लावा. अंधारात धक्का लागून फोकस सरकला तर अख्खी रात्र वाया जाते. ट्रायपॉडवर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद ठेवा. पावणेआठच्या आत निळसर उजेडात एफ ५.६, आयएसओ २०० वर काही सेकंदांची एक फ्रेम घ्या. झाडाचा आकार आणि आकाश या फ्रेममधून येणार आहे. यानंतर ट्रायपॉडला हात नाही.

अंधार पडला की रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ४००० केल्विनवर स्थिर ठेवून, ३० सेकंदांच्या ४० फ्रेम लागोपाठ. केबल रिलीजचं (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायच्या वायरचं) बटण लॉक करून टाकलं की पुरे. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ मात्र आठवणीने बंद करा. ते चालू असेल तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद स्वतःच्या कामात अडकतो आणि तेवढ्या वेळातले काजवे हातचे जातात.

पण ते बंद केल्याची किंमत मोजावी लागते. उकाड्यात सेन्सर तापतो आणि हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे खोटे ठिपके, येतात. फ्रेम एकत्र करताना लेयर ‘लायटन’ मोडमध्ये ठेवायचे असतात, म्हणजे प्रत्येक जागचा सर्वांत उजळ बिंदू टिकतो. (अॅव्हरेज किंवा मीडियन निवडलात तर काजवेच पुसले जातील.) लायटनमध्ये हॉट पिक्सेलही टिकतात आणि हिरवा हॉट पिक्सेल थेट काजव्यासारखा दिसतो! म्हणून शेवटी तिथेच, त्याच आयएसओला, झाकण लावून ३० सेकंदांच्या चार-पाच फ्रेम घ्या आणि त्या वजा करा. स्टारस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं.

आकाश रात्रीच्या फ्रेममधून घेऊ नका. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे २० मिनिटांत प्रत्येक तारा ५ अंशांपर्यंतची रेघ ओढतो. जूनचे ढग त्यावर आणखी पांढरे फराटे मारतात. फ्रेम एकत्र करताना मास्क लावून तो भाग झाका, म्हणजे तिथे संध्याकाळच्या फ्रेमचं आकाश दिसेल.

दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं आणि ठिपक्यांभोवती धुरकट वलयं येतात. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, दर दहा फ्रेमनंतर लेन्स तपासा.

शंभर-दोनशे फ्रेम चढवण्याचा मोह होतो. माझ्या मते तिथे चित्र बिघडतं: फांद्यांमधली काळी जागा भरून जाते, उडत्या काजव्यांच्या तुटक रेघा हरवतात, झाड रोषणाई केल्यासारखं दिसतं. तीस-चाळीस फ्रेममध्ये काळोख शिल्लक राहतो, आणि काजवा शोभतो तो काळोखातच.

टॉर्च लाल आणि मंद हवा, तोही जमिनीकडे. काजव्यांचं चमकणं ही नर-मादीची एकमेकांना दिलेली हाक असते. पांढऱ्या झोतात ती बुडते. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या गवतातच असतात. म्हणून ट्रायपॉड पायवाटेवर लावा, झाडाखाली शिरू नका. आणि फोटो टाकताना खाली लिहा: ‘४० फ्रेम, २० मिनिटं’.